शहाद्याची मतं

निळा, काचेसारखा आरपार दिसणारा तो खडा घरंगळत येऊन नमिराच्या चपलेला टेकला, तेव्हा ती शहाद्याच्या एसटी स्टँडवर यास्मीनची वाट पाहत उभी होती आणि चांगलीच वैतागलेली होती. यास्मीन तिची धाकटी बहीण. नंदुरबारला कॉलेजात जायची आणि येताना रोज एक तरी गाडी चुकवायची. नमिरानं वाकून खडा उचलला. खडा कसला... त्याला इतक्या बाजू होत्या की बघता बघता नजर फिरावी, आणि प्रत्येक बाजूवर एकेक आकडा कोरलेला.

"तो... तो माझा आहे."

समोर एक उंचेला, सावळा मुलगा गुडघ्यांवर बसून बाकाखाली हात घालत होता. काखेत कोंबड्यांच्या औषधांचा खोका, खांद्यावर बॅग, आणि केसांत बाकाखालचं जळमट. केळीवाल्या बाईच्या पाटीखाली, पाणपोईच्या कडेला, जिकडेतिकडे त्याचे रंगीत खडे सांडले होते.

"तुमचा कशावरून? नाव लिहिलंय का?"

"नाव नाही, वीस लिहिलंय. एकापासून वीसपर्यंत सगळे आकडे आहेत त्यावर. मोजून घ्या."

"मला काय दुसरं काम नाही?"

"दिसत तर नाही," तो म्हणाला आणि लगेच त्यानं जीभ चावली.

दुसरी एखादी फणकाऱ्यानं निघून गेली असती. पण नमिरा बशीर गादीवाल्यांची मुलगी होती. दिवसभर दुकानात बसून गिऱ्हाइकांशी घासाघीस करण्यात तिचा हात धरणारा बाजारात कुणी नव्हता. तिनं मूठ मिटून घेतली.

"हे काय आहे ते सांगा, मग देते."

"फासा आहे. गोष्टीच्या खेळाचा." तो उठून उभा राहिला. बोलायला लागला तशी त्याची घाई कुठल्या कुठे गेली. "चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कोण काय करणार ते ज्याचं त्यानं ठरवायचं. आणि एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका आली, की फासा टाकायचा. मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर फसलं."

"म्हणजे नाटक."

"नाटकात शेवट ठरलेला असतो. इथं कुणालाच माहीत नसतो. सांगणाऱ्यालासुद्धा नाही."

"मग मी टाकून बघते. मला शंका आली आहे."

"कसली?"

"तुम्ही खरं बोलताय की थापा मारताय, ह्याची."

तिनं बाकावर फासा टाकला. चार पडले.

"चार म्हणजे?"

"म्हणजे... मी थापाड्या," तो पडेल चेहऱ्यानं म्हणाला, आणि नमिराला असं काही हसू फुटलं की केळीवाली बाईही वळून पाहायला लागली. तेवढ्यात कंडक्टरनं नंदुरबार, नंदुरबार अशी हाळी दिली. तो खोका सावरत पळाला. गाडीच्या पायरीवरून त्यानं मागे वळून पाहिलं. फासा तिच्या हातातच होता.

"पुढच्या मंगळवारी येतो... तेव्हा द्या!"

तो विसरला नव्हता, मुद्दामच ठेवून गेला, हे नमिराला घरी पोचेपर्यंत कळलं होतं. आणि ते कळल्यावर राग यायला हवा होता, तो काही आला नाही.

त्याचं नाव मुबीन. नवापूरचा. पोल्ट्रीची औषधं विकायला दर मंगळवारी शहाद्याला यायचा. पुढच्या मंगळवारी त्यानं फासा नेला, त्याच्या पुढच्या मंगळवारी उशी भरून घ्यायला आला, आणि त्यानंतर मात्र निमित्त शोधायची त्याला गरज राहिली नाही. त्याच्या घरची हिंदी गुजरातीकडे झुकलेली, हिच्या बाजाराची अहिराणी. दोघांना मध्ये कुठंतरी भेटायचं तर शाळेतली मराठीच बरी पडायची. तिच्यातच त्यांचं 'तुम्ही' कधी गळालं आणि 'तू' कधी आलं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

दुकानात कापूस पिंजायचं मशीन होतं. ते चालू झालं की शेजारच्या माणसाचंही ऐकू येत नसे. बशीरमियाँ भला माणूस, पण बाप होता. पोरांचं बोलणं फार लांबलं असं वाटलं की तो काही न बोलता मशीनचं बटण दाबायचा. मग दोघं तोंड मिटून समोरासमोर बसून राहायची, आणि हवेत उडणारा कापूस हळूहळू मुबीनच्या केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर बसत जायचा. मशीन थांबलं की नमिरा म्हणायची, "म्हातारा झालास." आणि बोटांच्या चिमटीनं त्याच्या भुवईवरचा कापूस काढायची. तेवढ्यासाठी मुबीनला मशीन फार आवडायला लागलं होतं.

त्यानं स्वतः एक खेळ लिहायला घेतला होता. काही वर्षांपूर्वी नवापुरात कोंबड्यांची साथ आली, तेव्हा पांढरे कपडे घातलेली सरकारी माणसं शेडमध्ये येऊन सगळे पक्षी मारून, पुरून गेली. मुबीनच्या वडिलांची शेड त्यातलीच. तेव्हापासून अब्बू शेडकडे फिरकले नाहीत आणि त्याविषयी घरात एक शब्द बोलले नाहीत. मुबीनच्या खेळाचं नाव होतं 'पांढरे कपडे'. पांढरे कपडे सकाळी येणार आहेत, आणि आदल्या रात्री एक कुटुंब शेडमध्ये बसलं आहे. खेळणाऱ्यांनी ते कुटुंब व्हायचं. प्रत्येकाच्या ओंजळीत मक्याचे दाणे. आजवर घरात न बोललेली एक गोष्ट बोलायची, तेव्हा एक दाणा मध्ये ठेवायचा. सकाळ व्हायच्या आत ओंजळ रिकामी झाली तर जिंकलात. कोंबड्या काही वाचत नाहीत.

एका मंगळवारी दुपारी त्यांनी तो दुकानातच खेळून पाहिला. मुबीन सांगणारा, नमिरा आणि यास्मीन दोन सुना, आणि मोठ्या नाखुशीनं बशीरमियाँ घरातला कर्ता. सुरुवातीला ते नुसते हूं हूं करत होते. मग मुबीननं विचारलं, "चाचा, आता पहाट होत आली. तुम्ही काय करता?"

बशीरमियाँनी हातातल्या दाण्यांवरून बोट फिरवलं.

"लाईट चालू ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "अंधारामा कोंबड्या घाबरतस."

यास्मीननं ओढणीनं डोळे पुसले. नमिरानं मुबीनकडे पाहिलं तर त्याचा चेहरा नवजात मुलाला पहिल्यांदा हातात घेतलेल्या बापासारखा झाला होता. त्या दिवशी बशीरमियाँनी मशीनचं बटण दाबलं नाही.

त्याला पोचवायला ती स्टँडपर्यंत गेली. म्हणजे यास्मीनला आणायला गेली असं घरी सांगितलं; यास्मीन समोरच बसली होती, पण ते असो.

"धुळ्याहून स्थळ आलंय," चालता चालता नमिरा म्हणाली. "मुलगा मोबाइलच्या दुकानात आहे. अब्बांनी अजून उत्तर दिलेलं नाही."

मुबीन थांबला. "कधी द्यायचंय?"

"तू सांग."

तो बुटाच्या टोकानं खडी उकरायला लागला. "अब्बूंना घेऊन यायचंय मला तुमच्या घरी. पण त्यांना मी काय म्हणून सांगू? त्यांच्या लेखी मी औषधाचे खोके वाहणारा. त्यांची शेड बुडाली आणि मी फासे खेळत बसलो... एक स्पर्धा आहे. आपल्या मराठीतली, असे खेळ लिहिणाऱ्यांची. मी खेळ पाठवलाय. जिंकला तर छापून येतो, लोक दुकानातून विकत घेतात. तो छापलेला खेळ अब्बूंच्या हातात ठेवीन आणि म्हणेन, हे आपल्या शेडचं आहे. आता चला माझ्याबरोबर शहाद्याला."

"आणि नाही जिंकला तर?"

"तर..." तो हसला. "तर धुळ्याचा मुलगा मोबाइल तरी फुकट दुरुस्त करून देईल तुला."

तिनं त्याच्या दंडावर चापट मारली. पण घरी परतताना तिच्या मनात एकच गोष्ट पक्की बसली. हा खेळ जिंकला पाहिजे. जिंकला तर मुबीन येणार, हरला तर नाही. त्यानं ते थट्टेत म्हटलं होतं हे तिच्या लक्षातच आलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यानं तरी ते पुरतं थट्टेत म्हटलं होतं का, कोण जाणे.

स्पर्धेचं नाव 'फासेकट्टा'. पुण्यातली रुचिका नावाची एक बाई आणि तिचे मित्र ती चालवायचे. निवडलेले खेळ साइटवर लावायचे, पण लिहिणाऱ्याचं नाव झाकून. ज्यांना हौस असेल त्यांनी खेळ वाचावा, चार डोकी जमवून खेळून पाहावा, खाली आपलं मत सविस्तर लिहावं आणि शेवटी एका खेळाला मत द्यावं. अभिप्राय सगळ्यांना दिसायचे, मतांचे आकडे मात्र निकालापर्यंत झाकलेले. आणि एक नियम ठळक अक्षरांत: लिहिणाऱ्यानं स्वतःचा खेळ कुठला ते चारचौघांत फोडायचं नाही आणि मतं मागायची नाहीत.

"मतं मागायची नाहीत?" नमिरा ऐकून हसलीच. "मग पडतात कशी?"

"लोक खेळतात, आवडलं की देतात."

"आपोआप?"

"आपोआप."

नमिराच्या उभ्या आयुष्यात आपोआप पडलेलं मत तिनं पाहिलं नव्हतं. शहाद्याच्या भागात ऊस, कापूस आणि केळीच्या बरोबरीनं निवडणुका पिकतात. सोसायटीची असो, पतपेढीची असो, नाही तर गल्लीतल्या गणपतीच्या नाही तर उरुसाच्या कमिटीची असो, पॅनल उभं राहतं, जीप फिरते, याद्यांवर खुणा होतात. मत म्हणजे दारात जाऊन, चहा पाजून, नातं काढून आणायची गोष्ट. जो मागत नाही त्याला मत नकोच आहे, अशीच लोकांची समजूत. स्पर्धेचा हा नियम तिला शहरातल्या लोकांचा भाबडेपणा वाटला. तिनं त्याला तसं सांगितलं नाही, इतकंच.

अभिप्राय सुरू झाले तशी ती दिवसातून शंभरदा मोबाइल उघडायला लागली. 'पांढरे कपडे'च्या खाली एकानं लिहिलं होतं, 'कोंबड्यांवर खेळ? वाचून जेवणावरची वासना उडाली.' दुसऱ्यानं लिहिलं, 'फार गावठी आणि रडका.' चंद्रावरच्या एका खेळाखाली मात्र लोक नुसते नाचत होते. त्याला रंगीत चित्रं होती, नकाशे होते.

'पांढरे कपडे'खाली चांगलंही लिहिलेलं होतं. सोनीबाई नावाच्या कुठल्या तरी बाईंनी लिहिलं होतं, 'आमच्याही शेडमध्ये पांढरे कपडे आले होते. आदल्या रात्री ह्यांनी सगळ्या कोंबड्यांना पोटभर खाद्य घातलं. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणाले, उपाशी कशाला जातील. हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते. काल मुलांबरोबर हा खेळ खेळले आणि बोलले.'

मुबीननं फोनवर तिला सांगितलं, "तुला एक गोष्ट सांगू? ते मी अब्बूंना वाचून दाखवलं. खेळ माझा आहे हेही सांगितलं. ते काही बोलले नाहीत... पण संध्याकाळी म्हणाले, वो फिर से पढ़ के सुना." तो फोन घेऊन अंगणात आला होता. "नमिरा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी शेडचं नाव निघाल्यावर खोली सोडली नाही."

नमिराला आनंद झाला, नाही असं नाही. पण एका बाईच्या चार ओळींनी निवडणूक जिंकता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. बाकीच्यांना काय कळणार कोंबड्यांचं दुःख? तिचा जीव टांगणीला लागला होता, आणि धुळ्याहून दुसऱ्यांदा फोन आला होता.

ती अझरुद्दीनकडे गेली. हा तिचा चुलतभाऊ. स्वतः कधी कुठल्या निवडणुकीला उभा राहिला नाही, पण त्याच्या मदतीवाचून गावात कुणी निवडून आलं नाही.

"मतं मांगानी नई?" अझरुद्दीन खो खो हसला. "मंग निवडणूक कसानी शे ती?"

"अझरुभाई, पण त्याला कळता कामा नये."

"तू फक्त गेमनं नाव सांग. बाकी मन्हावर सोडी दे."

आणि त्यानं खरोखरच कमाल केली. दोन दिवसांत बाजारपेठेतल्या, मोहल्ल्यातल्या, स्टँडवरच्या माणसांचे मोबाइल घेऊन साइटवर नावं नोंदवली. गादीच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना नमिरा स्वतःच गोड बोलून सांगायची, "चाचा, जरा मोबाइल द्या ना... एक ओटीपी येईल." कुणी विचारलंही नाही कशासाठी. बशीरची पोरगी मागते आहे, मग काय, द्यायचं. नुसतं मत पडून भागत नव्हतं, अभिप्रायही लिहावा लागायचा. मग लोकांनी भरभरून लिहिलं. 'एक नंबर गेम शे.' 'आपला खान्देशना गेम, आपलं मत.' 'कोंबडी जिंदाबाद.'

स्टँडजवळ चहाची टपरी चालवणारा रतिलाल मात्र सरळ माणूस. खोटं लिहिणं त्याच्या जिवावर आलं. त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं, 'गेम काही वाचा नई. बशीर गादीवालानी पोरनी सांगं म्हनीसन मत दिधं. पोर चांगली शे.'

नमिराच्या नजरेस ते पडायच्या आत अख्ख्या महाराष्ट्रानं वाचलं होतं.

संध्याकाळी साइटवर 'पांढरे कपडे'चं पान बंद झालं. वर सूचना होती: ह्या खेळासाठी संघटितपणे मतं गोळा केल्याचं दिसून आल्यानं तो स्पर्धेतून बाहेर काढण्यात येत आहे. साइटच्या चर्चेच्या पानावर लोकांनी खेळाचा पार फडशा पाडला. कालपर्यंत रडू आलं म्हणणारेच आज लिहीत होते की आम्हाला आधीच संशय आला होता. एकानं तर सोनीबाईंचंही नाव घेतलं. 'ती शेडवालीसुद्धा ह्यांचीच असणार. इतकं बरोबर मर्मावर बोट कोण ठेवतं?'

नमिरानं मुबीनला फोन केला, त्यानं उचलला नाही. निरोप पाठवला, तो वाचल्याची खूण आली, उत्तर आलं नाही. रात्रभर ती कुशी बदलत राहिली. सकाळी तिनं साइटवरून रुचिकाचा नंबर शोधला.

"मी बशीर गादीवाल्यांची मुलगी," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं एका दमात सांगून टाकलं. "त्याला काही माहीत नव्हतं. एका शब्दानं नाही. सगळं मी केलं."

"आम्ही त्याला काल विचारलं होतं," रुचिका म्हणाली. "ही मुलगी कोण, असं. तो म्हणाला, मी सांगणार नाही. म्हणून तर आमचा संशय पक्का झाला."

"माझं नाव येऊ नये म्हणून," नमिरा म्हणाली.

"तू स्वतःहून फोन केलास ते बरं केलंस," रुचिका पुढे म्हणाली. "तुमची शहाद्याची मतं मी काढून टाकते आणि खेळ परत लावते. आणि एक सांगू का... आकडे सांगायचे नसतात, पण तरी सांगते. ती मतं नव्हती तेव्हाही तोच पुढे होता. चंद्राच्या किती तरी पुढे."

नमिरा दुकानातल्या दुकानात उड्या मारायचीच बाकी राहिली. दुसऱ्या दिवशी मंगळवार. ती दुपारपासून स्टँडवर जाऊन उभी राहिली. ऊन चढलं होतं, उसाच्या गाड्यांमागची धूळ हवेत तरंगत होती, आणि नंदुरबारहून येणाऱ्या प्रत्येक गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येक माणसाकडे ती पाहत होती. मुबीन उतरला. काखेत खोका होता. दाढी वाढलेली.

"मुबीन! सगळं ठीक झालं. मी रुचिकाताईंशी बोलले, माझं नाव सांगितलं. त्यांनी खेळ परत लावलाय. आणि ऐक ना... आमची मतं काढली तरी तू पहिला आहेस! आधीपासूनच पहिला होतास!"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"आज सकाळीच काढून घेतला मी खेळ," तो म्हणाला.

"का? अरे, पण... तू जिंकत होतास!"

"हो. हे तू मला आनंदानं सांगते आहेस." त्यानं खोका बाकावर ठेवला. "एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"तुला काय वाटलं होतं? मी जिंकेन, की हरेन?"

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. गिऱ्हाइकाला गुंडाळायला तिला पळभर लागत नसे. पण ह्या माणसाशी खोटं बोलणं तिला आजवर जमलं नव्हतं.

"मला आवडला होता, मुबीन. अल्लाकसम, खूप आवडला होता. पण मला वाटलं... बाकीच्यांना नाही कळणार."

"म्हणजे हरेन."

"हो."

तो मान हलवत राहिला. जणू एखाद्या आजाराचं नाव डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि ते त्याला आधीच माहीत होतं.

"अब्बूंना कुणीतरी दाखवलं ते सगळं. साइटवरचं," तो म्हणाला. "काल जेवताना त्यांनी मला एकच विचारलं. वो शेडवाली औरत भी तेरी लाई हुई थी क्या?"

"नाही! तिला मी ओळखतसुद्धा नाही. ती खरी आहे."

"मला माहीत आहे. मी म्हटलं त्यांना. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि उठून गेले." मुबीननं बाकावरचा खोका उगाच सरळ केला. "तिच्या त्या चार ओळींवर ते इतक्या वर्षांनी बोलायला लागले होते, नमिरा. मला छापील खेळ नको होता. तेवढंच हवं होतं. खेळ परत लावता येतो गं. ते कसं परत लावू?"

नमिराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. स्टँडवरची माणसं बघत होती, तिला त्याचं काही वाटलं नाही.

"मी येते नवापूरला. मी सांगते त्यांना. पाया पडते त्यांच्या."

"तू कोण म्हणून येशील?"

त्यानं ते टोचून विचारलं नव्हतं. खरोखरच विचारलं होतं. आणि ती त्याची कोण हे तर जिंकल्यावर ठरायचं होतं.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," ती म्हणाली. इतक्या महिन्यांत दोघांपैकी कुणीही हे म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच पडली नव्हती. "म्हणून केलं मी हे सगळं. तू आला नसतास म्हणून..."

"आलो असतो."

"हरलास तरी?"

"हरलो असतो, चार दिवस तोंड पाडून बसलो असतो, आणि मग आलो असतो. खाली मान घालून, पण आलो असतो." त्यानं खोका उचलला. "मला कुणी गावठी म्हणालं, रडका म्हणालं, मला काही वाटलं नाही. मला वाटायचं, शहाद्यात एक जण आहे, तिला शंका नाही... आता घरात अब्बू माझ्याकडे ज्या नजरेनं बघतात, तशीच तूही बघत होतीस असं वाटतं. ते चुकीचं असेल. पण वाटतं."

"मुबीन, थांब ना."

"कंपनीला सांगितलंय मी. पुढच्या आठवड्यापासून शहाद्याला दुसरा माणूस येईल."

तो बाजाराच्या दिशेनं निघाला. गर्दीत जरा पुढे गेल्यावर तो थांबला, वळणार असं तिला वाटलं, पण त्यानं नुसता खोका दुसऱ्या काखेत घेतला आणि चालायला लागला. तिनं हाक मारली नाही. मारली असती तर तो कदाचित आलाही असता, आणि मग तिला पुन्हा कधीच कळलं नसतं की तो आपला आपण आला की तिनं आणला.

ती दुकानात परतली तेव्हा मशीन बंद होतं. बशीरमियाँ गादीला टाके घालत बसले होते. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सुई खाली ठेवली.

"धुळेवालासना परत फोन उना व्हता," ते हळूच म्हणाले. "काय सांगू त्यासले?"

"थोडे दिवस थांबा म्हणा, अब्बा."

"थांबस ना, बेटा. मन्हं काय जास?" त्यांनी बाहेर रस्त्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "पन कोनी यी ऱ्हायना का?"

नमिरानं सुई उचलली आणि त्यांच्या समोर बसली.

"नाही," ती म्हणाली. "कुणी येत नाही."